क्लेम नोस्केचं मागणं

क्लेम नोस्केनं आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. तो त्याच्या एकट्याचा दोष नव्हे, साऱ्या मॅली मुलखाचीच ती रीत. व्हिक्टोरिया राज्याच्या त्या वायव्य कोपऱ्यात लाल वाळू, गहू आणि आभाळ यांच्याशिवाय फारसं काही नाही, आणि तिथं मागणं म्हणजे समोरच्याच्या मानेवर सुरी ठेवणं समजतात. मागितलं की त्याला नाही म्हणता येत नाही, मग बिचाऱ्याला कशाला पेचात टाका? त्यापेक्षा नुसती अडचण बोलून दाखवायची. गहू कापणीला आला आणि यंत्राचं बेअरिंग गेलं, तर धान्याच्या कोठारापाशी गाडी थांबवून आभाळाकडे बघत म्हणायचं, "पश्चिमेला जरा भरून आलंय." बस्स. संध्याकाळपर्यंत शेजारचा मर्व्ह पोल आपलं कापणीयंत्र घेऊन कुंपणापाशी हजर. "इकडून चाललोच होतो," म्हणणार. घराएवढं धूड घेऊन कुणी सहज फिरायला निघतं का, असं विचारायचं नसतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं सगळीकडे असतात. मॅलीतली माणसं ताकाला जातच नाहीत, घरी बसून फक्त गाय आटल्याची बातमी सोडतात.

क्लेमची सून रोवेना बेंडिगोची, शहरातली. लग्न होऊन या शेतावर आली तेव्हा पहिली काही वर्षं तिला ही भाषाच कळेना. सासरा जेवताना म्हणायचा, "बटाटे छान शिजलेत आज," आणि मीठ त्याच्या हातापासून लांब असायचं. नवऱ्यानं, गार्थनं, मीठ पुढे सरकवलं की मग तिच्या डोक्यात प्रकाश पडायचा. पुढे ती त्या गावाची नर्स झाली, घरोघरी जाऊन जखमा बांधणारी, इन्सुलिन देणारी, आणि लोकांच्या आडून बोलण्यातून दुखणं हुडकून काढण्यात तरबेज झाली. "गुडघा तसा ठीक आहे" याचा अर्थ माणूस रात्रभर झोपलेला नाही, हे तिला बरोबर कळायचं.

मग क्लेमलाच मोटर न्यूरॉनचा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ जड झाली. आसपास दुसरी नर्स नव्हती, तेव्हा सरकारी कागदावर त्याची नर्स म्हणून रोवेनाचंच नाव लागलं. ती सकाळी निळा गणवेश घालून आपल्याच घराच्या मागच्या खोलीत कामावर जायची. क्लेमला याची गंमत वाटे. "आज नर्स आलीय की सून?" तो विचारायचा. गणवेश असला की तो तिच्याशी अदबीनं बोलायचा आणि नसला की चहा पातळ झाल्याची तक्रार करायचा. तक्रारीला आता अर्थ नव्हता, कारण पातळ चहा त्याच्या घशाखाली उतरतच नसे. पावडर घालून लापशीसारखा घट्ट करून, चमच्यानं भरवावा लागे. त्यामुळे पाहुणे आले की तो "मला नको, आत्ताच झाला" म्हणायचा. चारचौघांत चमच्यानं चहा खायची त्याला लाज वाटे.

मिल्ड्यूराहून डॉक्टर नादिया इस्कंदर त्याला पाहायला यायच्या. मूळच्या अलेक्झांड्रियाच्या, पण मॅलीच्या उन्हात इतकी वर्षं काढलेल्या, की माशी हाकलायची सगळ्यांसारखीच सवय त्यांच्याही हाताला लागलेली. पहिल्याच खेपेला त्यांनी क्लेमसमोरचा तो घट्ट चहा पाहिला आणि रोवेनाला म्हणाल्या, "मलाही हाच दे." चमच्यानं सगळा संपवला. चांगला लागला असं खोटं काही म्हणाल्या नाहीत. क्लेमनं त्या दिवसापासून त्यांच्यासमोर चहा नाकारला नाही. रोवेनानं आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले होते, हुशार, प्रेमळ, घाईतले, रागीट. पेशंटचा चहा खाणाऱ्या या पहिल्याच.

डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, कापणी ऐन भरात असताना, त्या आल्या तेव्हा क्लेमनं विषय काढला. म्हणजे त्याच्या पद्धतीनं काढला. आपल्या जुन्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. गेल्या हिवाळ्यात त्याचं मागचं अंग गेलं, तेव्हा क्लेमनं गार्थला बंदूक आणायला लावली होती. अडखळत, थुंकी आवरत त्यानं ती गोष्ट पुरी केली आणि शेवटी म्हणाला, "कुत्र्याचं बरं असतं."

हा पश्चिमेला भरून आलेला ढग होता. रोवेनाला तो दिसला, आणि डॉक्टरांनाही दिसल्याचं तिला दिसलं.

डॉक्टर पुढे झुकल्या. "क्लेम, हे सांगताना तुमच्या मनात काय होतं? तुम्हाला माझ्याकडून काही हवंय का?"

क्लेमनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "छे. तुम्ही केक घ्या."

रोवेनानं केकची बशी पुढे केली. कायदा तिला पाठ होता. त्या राज्यात आता, असाध्य आजारानं मरणाला टेकलेल्या माणसानं शुद्धीत, स्वतः, स्पष्ट मागितलं, तर डॉक्टर त्याला मरायला मदत करू शकत होते. पण विषय काढायचा पेशंटनंच. डॉक्टरनं किंवा सेवा करणाऱ्या नर्सनं आपणहून काढला, तर परवाना जायची पाळी. यात कायद्याचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही. थकल्याभागल्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून कुणी डॉक्टरनं "हाही एक मार्ग आहे बरं का" असं सुचवू नये, एवढंच त्यामागं होतं. पण कायदा केला मेलबर्नच्या माणसांनी, आणि मेलबर्नच्या माणसांना मीठ मागता येतं. त्यांची क्लेम नोस्केशी गाठ पडलेली नव्हती. इथं न मागता द्यायची रीत, आणि कायद्याला नेमकं तेच नामंजूर.

त्यात रोवेना तर दोन्हीकडून बांधलेली. नुसती सून असती तर एका वाक्यात सांगून मोकळी झाली असती. कायद्याची सुनांना आडकाठी नव्हती. पण तिच्या अंगावर तो निळा गणवेश होता, आणि घरी असताना तो खुंटीला टांगला म्हणून ती त्याची नर्स नाही असं होत नव्हतं.

डॉक्टरांना गाडीपाशी पोचवायला गेली तेव्हा तिनं विचारलंच. "तुम्हाला कळलं ना, ते काय म्हणत होते?"

"कुत्र्याचं कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण रोवेना, मी समजून घेतलं तर ते माझं समजणं होईल, त्यांचं मागणं होणार नाही. माझ्या समजण्यावर कुणी मरता कामा नये."

रोवेनाला त्यांचा राग आला. गाडीचा लाल धुरळा खाली बसेपर्यंत ती फाटकाशी उभी होती आणि तिला क्लेमचा राग आला, कायद्याचा आला, आणि शेवटी स्वतःचाही आला.

त्यानंतर क्लेमचा श्वास उतरत गेला. सकाळी उठला की तो गोंधळलेला असायचा. गार्थला मर्व्ह म्हणून हाक मारायचा, गेलेल्या बायकोला खिडकी लावायला सांगायचा. छातीतली वाईट हवा बाहेर पडत नव्हती, ती डोक्यात चढत होती. दुपारपर्यंत उतरायची. पण एक दिवस ती उतरणार नाही, हे रोवेनाला माहीत होतं, आणि त्या दिवसानंतर क्लेमनं ओरडून मागितलं असतं तरी ते मागणं धरलं गेलं नसतं. मग उरलं असतं ते फक्त गुदमरणं, हळूहळू, डोळे उघडे ठेवून.

तिनं डॉक्टरांना फोन केला. श्वासाचे आकडे सांगितले, आणि पुढे बोलायला तोंड उघडलं तोच डॉक्टर म्हणाल्या, "बाकीचं फोनवर नको. मी गुरुवारी येते." देशाचा आणखी एक कायदा होता, फोनवर किंवा कंप्युटरवर असल्या मरणाबद्दल बोलणं म्हणजे आत्महत्येला चिथावणी ठरू शकेल असा. म्हणून जे बोलणं कदाचित होणारच नव्हतं, त्याच्यासाठी ही बाई दोन तास गाडी हाकत येणार आणि दोन तास हाकत परत जाणार. रोवेनाचा राग तिथंच निम्मा वितळला.

बुधवारी दुपारी ती क्लेमला कस्टर्ड भरवत होती. डोकं ठिकाणावर होतं त्याचं. मधेच तो म्हणाला, "बाई सज्जन आहे. पण घाबरते."

"कोण?"

"डॉक्टर. मी ढग दाखवला, तिनं पाहिला. पण आली नाही यंत्र घेऊन."

मग त्यानं तिला आयरिसचं सांगितलं. रोवेना या घरात यायच्या कितीतरी आधी त्याची बायको कॅन्सरनं गेली होती. शेवटी शेवटी ती उशीत तोंड खुपसून ओरडायची. क्लेम गावातल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेला आणि काहीतरी बोलू लागला. डॉक्टरनं हात वर करून त्याला थांबवलं. "मी काही ऐकलं नाही, क्लेम. आणि तूही काही बोलला नाहीस." दुसऱ्या संध्याकाळी तो बॅग घेऊन आला, इंजेक्शन दिलं, आयरिस शांत झोपली आणि पहाटे गेली. इंजेक्शन कसलं होतं ते क्लेमनं विचारलं नाही. कधीच नाही. तेव्हा असल्या गोष्टीला तुरुंग होता, आणि ज्यानं आपल्या बायकोवर एवढे उपकार केले त्याला कोण तुरुंगात घालेल?

"म्हणून मी तिच्याशी स्पष्ट बोलत नाही," क्लेम म्हणाला. एकेक शब्द ओढून आणत होता. "बोललो तर तीही गुन्ह्यात. मुलं आहेत तिला. न बोलता तिला जमलं तर जमलं."

रोवेनानं चमचा वाटीत ठेवला. म्हणजे इतके दिवस हा माणूस मानापोटी गप्प नव्हता, डॉक्टरला वाचवत होता. जुन्या काळातल्या सज्जनपणानं नव्या काळात स्वतःचा गळा आवळत होता. कायदा बदललाय, क्लेम. एवढंच सांगायचं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

मग ती म्हणाली, "आयरिसची गोष्ट उद्या डॉक्टरांना सांगाल?"

"कशाला? तिला पेचात टाकू?"

"त्यांना काय झेपतं ते त्यांना ठरवू द्या ना. तुम्हीच का ठरवता?"

क्लेमनं डोळे बारीक केले. "हे नर्स विचारतेय की सून?"

"नर्स," ती म्हणाली. "दुर्दैवानं."

गुरुवारी डॉक्टर आल्या. गार्थ शेतातून आला आणि दाराला टेकून उभा राहिला. बापाच्या आजाराबद्दल बोलायची वेळ आली की त्याला नेहमी यंत्राचा पट्टा बदलायची आठवण व्हायची. आज मात्र तो थांबला. क्लेमनं आयरिसची गोष्ट सांगितली. जड जिभेनं सांगायला खूप वेळ लागला, आणि डॉक्टरांनी एकही शब्द त्याच्या तोंडातून आधी काढून घेतला नाही. जे ऐकू आलं नाही ते पुन्हा विचारलं. आयरिस ओरडायची त्या ठिकाणी त्यांनी नुसती मान खाली घातली.

गोष्ट संपली. मग त्या बोलल्या, आणि रोवेनाला जाणवलं की बाई प्रत्येक शब्द पारखून बाहेर ठेवतायत.

"क्लेम, मी तो डॉक्टर नाही. मी ऐकते. या खोलीत तुम्ही मला काहीही बोललात तरी मला काही होणार नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. मला वाचवायची गरज नाही. तुम्ही जे विचाराल त्याचं मी खरं उत्तर देईन. पण जे तुम्ही विचारलं नाही, त्याचं उत्तर माझ्याकडून येणार नाही."

एवढं बोलून त्या गप्प बसल्या. लोक बोलायचं थांबतात तशा नव्हे. वेळच वेळ असल्यासारख्या, खुर्चीत मागे टेकून, हात मांडीवर ठेवून. परतीचे दोन तास त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हते.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. गार्थला ते सहन होईना. "बाबा थकलेत," तो म्हणाला, "आपण पुन्हा कधीतरी..." डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता हात किंचित वर केला. गार्थ थांबला. रोवेना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिचा चेहरा क्लेमनं वाचला असता. तिनं मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. माग. एकदा माग रे बाबा.

"डॉक्टर," क्लेम म्हणाला.

"बोला."

"मला मरायला मदत हवीय. तुम्ही कराल का?"

शब्द अडखळत आले, पण कळले. डॉक्टरांनाही कळले होते, याची रोवेनाला खात्री होती. तरी त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा. मला चुकीचं ऐकायचं नाहीय."

ज्यानं जन्मात एकदा मागितलं नव्हतं त्याला लागोपाठ दोनदा मागावं लागलं. त्यानं मान शक्य तेवढी सरळ केली आणि मागितलं. या वेळी अजिबात न अडखळता.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "करता येतं. या राज्यात आता ते कायद्यानं होतं आणि मी त्याचं शिक्षण घेतलंय. दुसरे डॉक्टर तुम्हाला तपासतील, तुम्हाला पुन्हा मागावं लागेल, साक्षीदारांसमोर लेखी द्यावं लागेल, आणि कुठल्याही क्षणी तुम्हाला नको म्हणता येईल. तुमच्या विचारण्यानं मी अडचणीत येत नाही. न विचारता मी बोलले असते तर आले असते."

क्लेम हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि रोवेनाला धावत येऊन नळीनं त्याचा घसा साफ करावा लागला. दम परत आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी तुम्हाला वाचवत होतो, आणि तुम्ही माझी वाट बघत होता?"

"हो."

"कमाल आहे. दोघंही मूर्ख."

"कायद्यानं मला मूर्ख राहायला लावलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं मला सांगता येणार नाही."

गार्थ बाहेर निघून गेला. यंत्राचा पट्टा आठवला असणार. पण थोड्याच वेळात परत आला, तोंड धुतलेलं होतं, आणि येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. काही बोलला नाही. मॅलीत ते पुष्कळ बोलणं झालं.

डॉक्टर गेल्यावर क्लेमनं रोवेनाला जवळ बोलावलं. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि काल कस्टर्ड भरवत गप्प बसलीस."

"बसावं लागलं. मी बोलले असते तर उद्या कुणीही म्हणालं असतं की सुनेनंच भरीस घातलं. तुमचं मरण तुमचं राहिलं नसतं."

तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की तिला वाटलं, रागावला. पण ती नजर रागाची नव्हती. नोस्केंच्या घरात शाबासकी शब्दांत द्यायची पद्धत नाही. पेरणी उत्तम झाली तरी "वाईट नाही" म्हणतात. क्लेम म्हणाला, "तू वाईट नाहीस, रो." आणि मग, जरा श्वास गोळा करून, "आता सवय लागलीच आहे मागायची, तर अजून एक मागतो."

"मागा."

"त्या दिवशी मला नर्स नकोय. नर्स त्यांना दुसरी आणू दे. मला माझी सून हवीय. येशील?"

तिनं हो म्हटलं. मग ती त्याच्या गुडघ्यावरची चादर उगाचच नीट करत राहिली, आणि त्यानंही तिला ती करू दिली.

मग ते सगळं झालं. दुसरे डॉक्टर आले, मज्जातंतूंचे तज्ज्ञ येऊन गेले, साक्षीदार झाले, आणि क्लेमनं प्रत्येक वेळी मागितलं, दर वेळी आधीपेक्षा सोप्या आवाजात. सकाळचा गोंधळ वाढत होता, म्हणून सगळे दुपारीच यायचे. कापणी संपली. मर्व्ह पोल येऊन बसून गेला, गव्हाच्या भावाबद्दल बोलला, आणि निघताना क्लेमचा हात इतका वेळ हातात धरून राहिला की दोघांनाही दुसरीकडे बघावं लागलं.

जानेवारीतल्या एका कडक उन्हाच्या दुपारी डॉक्टर इस्कंदर आल्या. सोबत मिल्ड्यूराची एक नर्स होती. रोवेनानं सुती पिवळा झगा घातला होता. क्लेमच्या हाताशी डॉक्टर काहीतरी करत होत्या, नळी होती, सिरिंज होती, टेबलावर घड्याळ होतं. इतकी वर्षं रोवेनाची नजर अशा वेळी आपोआप तिकडेच जायची, थेंब बरोबर पडतायत का, शीर फुगलीय का, किती वाजले. आज तिनं त्यातलं काहीही पाहिलं नाही. डॉक्टरांनी शेवटचं विचारलं, क्लेमनं हो म्हटलं. रोवेना उशाशी बसून सगळ्यांदेखत रडत होती, नर्सला कधी रडता येत नाही तशी, आणि फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.